पंचवीस मीटरची रेघ

नाना जाऊन वर्ष झालं तरी अमोनियाचा वास काही गेला नव्हता. नकाशांच्या प्रती काढायचं जुनं यंत्र सात वर्षं बंद होतं, पण जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाऊल पडलं की नाकात अजून चुरचुरायचं. ताईचं म्हणणं, हा भास आहे. धाकट्याचं म्हणणं, भास नाही, लाकूड वास धरून ठेवतं. आज रविवारी दुपारी ताई नवऱ्याला घेऊन जिना चढली, तिसऱ्या पायरीवर थांबली आणि तिथूनच ओरडली, "आला गं बाई वास! हरले मी!"

वर नानांचं नकाशांचं ऑफिस आणि त्यामागच्या दोन खोल्यांत आई. पुढच्या महिन्यात ऑफिसची जागा सोडायची होती. धाकट्याचं सगळं काम आता एका संगणकात मावत होतं, आणि नानांची यंत्रं तंत्रशाळेला हवी होती, काचेच्या कपाटात मांडायला. ती जाण्याआधी तिघा भावंडांनी ज्याला जे हवं ते उचलावं, असा आईचा हुकूम होता. "आणि काय भांडायचं ते माझ्या डोळ्यांदेखत भांडा," ती म्हणाली होती. "माघारी भांडलात तर मला मजा कशी बघता येईल?"

धाकट्याला मात्र मजा वाटत नव्हती. सकाळी साडेनऊला, बाकी कुणी यायच्या आत, भाऊ एकदा येऊन गेला होता.

भाऊ म्हणजे थोरला. घरात भाऊ म्हणून भाऊ, आणि बारा वर्षं नगरपालिकेत निवडून येता येता साऱ्या गावाचाच भाऊ झालेला. या वेळी तो नगराध्यक्षपदाला उभा होता. मतदानाला तीन आठवडे उरले होते आणि गावात एकच विषय होता, पुलावरून येणाऱ्या मालट्रकांसाठीचा नवा रस्ता. तो कालव्याच्या काठाने गेला तर तिथली बेचाळीस घरं जाणार. बाजारपेठेच्या मागून गेला तर दुकानांची मागची अंगं कापली जाणार, गोदामांसकट. कालव्याकडचे म्हणत, बाजारातून न्या. बाजारवाले म्हणत, कालव्यावरून न्या. भाऊचं काय मत आहे ते त्याने कधीच उघड सांगितलं नव्हतं, आणि तरी दोन्हीकडच्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

"उद्या संध्याकाळी नगरभवनात सभा आहे," सकाळी भाऊ म्हणाला होता. तो खुर्चीवर कधी बसायचा नाही, टेबलाच्या कडेला टेकायचा. "दोन्हीकडची माणसं एकत्र येणार. सभेत वाटायच्या पत्रकावर गावाचा छोटा नकाशा टाकायचाय. रस्ता दाखवायचा."

"कुठला?"

"तेच तर सांगतोय. जरा जाड काढ."

"किती जाड?"

भाऊने हवेत बोट फिरवलं. "म्हणजे अशी, की ज्याला त्याला आपली वाटली पाहिजे."

"भाऊ, पत्रकावरचा नकाशा एकास पंचवीस हजार या मापाचा असतो. एक मिलिमीटरच्या रेघेखाली पंचवीस मीटर गाव जातं."

"मग?"

"कालव्याचा काठ आणि बाजाराची मागची गल्ली, मध्ये एकशे ऐंशी मीटर आहेत. दोन्ही झाकायचे तर सात मिलिमीटरची रेघ लागेल. सात मिलिमीटरची रेघ ही रेघ नसते, नदी असते."

भाऊ खदखदून हसला. "मग नदी काढ की, पेन्सिल! निवडून आलो की पूल बांधू."

पेन्सिल हे नाव नानांनी ठेवलेलं, धाकटा अंगाने तसा होता म्हणून. आणि भाऊचं हे हसू लहानपणापासूनचं. ते ऐकलं की समोरच्याचा राग पायातल्या पायात विरघळायचा, मग तो समोरचा गणिताचा मास्तर असो की घरमालक. धाकटाही हसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. भाऊ जाताना खिशातून एक जाड काळं मार्कर पेन काढून टेबलावर ठेवून गेला. दुपारपर्यंत ते तिथेच पडून होतं, आणि धाकटा काहीही शोधायला वळला की ते आधी दिसायचं.

*

भाऊ बायकोला घेऊन परत आला आणि वाटणी सुरू झाली. ताईने वळणं काढायच्या पिवळ्या पारदर्शक पट्ट्या घेतल्या. त्यांतल्या एकीला लहानपणी ती बदक म्हणायची, आणि अजूनही तिने ती पहिली शोधली. वहिनीने, म्हणजे भाऊच्या बायकोने, मोजणीच्या वेळची मोठी छत्री मागितली. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, पितळी कंपास हातात तोलून पाहिला. त्यांचं बाजारपेठेत लोखंडी सामानाचं दुकान होतं, त्यामुळे कुठलीही वस्तू आधी तोलायची हा त्यांचा स्वभावच झाला होता.

"दाजी, विकायचा नाहीये तो," धाकटा म्हणाला.

"अरे मला माहितीये. पण किती भरेल ते कळायला काय हरकत आहे?"

कोपऱ्यात भिंतीला लेव्हलची काठी उभी होती. तीन मीटर उंच, अखंड सागवानी, लाल-काळ्या आकड्यांची. मोजणीत एकाने ती जमिनीवर उभी धरायची आणि दुसऱ्याने लांबून तिपाईवरच्या दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा. त्यावरून जमिनीचा चढउतार कळतो. ज्या कालव्यावर आजोबांनी मोजणीच्या साखळ्या ओढल्या, त्याच्याच काठाने नानांनी पुढे ही काठी घेऊन फेऱ्या मारल्या. दर वेळी काठी धरायला भाऊ आणि वहीत आकडे लिहायला धाकटा.

"हिचं काय?" ताईने विचारलं.

"हिला ठेवायला आधी घर बांधावं लागेल," दाजी म्हणाले. काठी कुणी मागितली नाही.

मग ताईने दिव्याच्या टेबलावर हात ठेवला. वर दुधी काच, खाली चार नळ्यांचे दिवे, त्यावर ट्रेसिंगचा कागद पसरून नाना खालच्या नकाशावरून रेघा उतरवून घ्यायचे. "लाव ना रे एकदा. शेवटचं."

धाकट्याने बटण दाबलं. दिवे आधी तडतडले, एक पेटला, एक विझला, आणि मग सगळी काच पांढरी झाली. ताईने पंजा काचेवर ठेवला. नाना दुपारी जेवायला उठले की तिघं असेच पंजे ठेवायचे आणि बोटांच्या कडांतून लाल उजेड बघायचे. भाऊ म्हणायचा, आत रक्त दिसतंय, धाकटा म्हणायचा, रक्त नाही, उजेड गाळून येतोय. आणि आई शेजारच्या स्टुलावर बसून नकाशावर नावं लिहीत असायची. गावाच्या प्रत्येक नकाशावरचं अक्षर आईचं होतं. रेघा नानांच्या, अक्षर आईचं, खाली सही नानांची. याबद्दल आईने जन्मात तक्रार केली नव्हती, पण विसरलीही नव्हती.

"तुझे हात मोठे झाले गं," आई ताईला म्हणाली, जणू गेल्या आठवड्यातच ते लहान होते.

तेवढ्यात भाऊचा फोन वाजला आणि तो जिन्यात गेला. दुपारपासूनचा हा सहावा फोन. तो गेलेला बघून दाजींनी धाकट्याला दंडाला धरून खिडकीशी नेलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरळी त्यांनी काखेतून काढली.

"कुणाला दाखवू नका म्हणालाय भाऊ. पण तू काही 'कुणी' नाहीस. मला एवढंच सांग, माझ्या गोदामापासून रस्ता किती लांब आहे? ते बारीक अक्षर चष्म्यातूनही दिसत नाही."

धाकट्याने सुरळी न उलगडताच ओळखली. ट्रेसिंगचा कागद त्याचाच, शाईही त्याचीच. उलगडली, तर रस्ता कालव्याच्या काठाने गेलेला, बाजारपेठ सुरक्षित. उजव्या हाताचा खालचा कोपरा ब्लेडने सरळ कापलेला.

"बराच लांब आहे," तो म्हणाला.

"बराच म्हणजे? तू असं कधीपासून बोलायला लागलास? तू तर मीठ किती घालू विचारलं तरी ग्रॅममध्ये सांगणारा माणूस!"

"काय कुजबुज चाललीये?" ताई आलीच. "नकाशा आहे होय! मग इथे टेबलावर ठेवा ना, उजेडात." तिने कागद हातातून घेतला आणि काचेवर पसरलाही. धाकटा 'अगं' म्हणेपर्यंत सगळं झालं होतं.

वहिनी छत्री उघडून बघत होती. तिने मान वळवली, जवळ आली, आणि हसून म्हणाली, "अय्या, हा तुमच्याकडेही आहे?" छत्री बाजूला ठेवून तिने आपल्या लांब पिशवीतून तशीच एक सुरळी काढली. "माझ्याकडे बाबांसाठी दिलाय. जाताना कालव्याकडे थांबून देणार आहे. बाबा चार दिवस वाट बघतायत."

वहिनीचं माहेर कालव्याकडचं. वडील शाळेतून निवृत्त झालेले, सारी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची आणि त्यांच्या शब्दावर चालायची.

"सारखाच दिसतोय," वहिनी म्हणाली.

"सारखा नाही," आई म्हणाली.

ती स्टुलावरून उठली होती. तिने वहिनीचा कागद घेतला, दाजींच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी हळूहळू सरकवायला लागली. कागदाच्या उरलेल्या तीन टोकांना एकेक बारीक फुली होती. नानांच्या घरात फुल्या काढल्याशिवाय कागदाला हात लागायचा नाही, आणि प्रत्येक मोजणी पंपघराच्या खुणेच्या दगडापासून सुरू व्हायची. धाकट्याने हे दोन कागद काढतानाही तेच केलं होतं. सवयच ती. कुणाला फसवायचे नकाशे वेगवेगळ्या जागेपासून, वेगवेगळ्या मापात काढावेत, एवढी साधी अक्कल या घराण्यात कुणाला कधी शिकवलीच नव्हती.

फुलीवर फुली बसली. कालवा एक झाला, बाजार एक झाला, पूल एक झाला. पंपघराचा दगड तर टिंबावर टिंब. फक्त रस्ते दोन उरले, पुलापाशी फुटून नऊ सेंटिमीटर अंतराने समांतर जाणारे.

जिन्यातून भाऊचा आवाज येत होता, "हो, हो, तुमचंच काम आहे ते, निर्धास्त राहा."

"कोपरे कुठे गेले?" आईने विचारलं.

*

"या भाऊ," दाजी म्हणाले. "तुमचेच रस्ते बघतोय. एक आम्हाला, एक सासऱ्यांना. तंत्रशाळेलाही काढला असेल ना एखादा?"

भाऊने टेबलाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, फक्त थोडा वेळ ते तिथे कशाला आहे हे त्यालाच कळत नसल्यासारखं दिसलं. "अरे वा, टेबल पेटतंय अजून?"

"विषय बदलू नका," वहिनी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "माझ्या हाताने बाबांकडे पाठवत होतात हे? ब्याऐंशी वर्षांचा माणूस काठी टेकत घराघरात सांगून आलाय, जावई आपला आहे, एक वीट हलणार नाही. आणि हे काय?"

"अगं, बाबांना दिलाय तो खोटा नाही."

"मग माझा खोटा?" दाजी.

"तुमचाही नाही."

"म्हणजे दोन रस्ते होणार?"

"अहो, तुम्ही आवाज चढवू नका," ताई मध्ये पडली. "भाऊ काही एकटाच असा नाही. समोरचा उमेदवार काय धुतल्या तांदळासारखा आहे?"

"तू भावाची बाजू घे! उद्या गोदाम पडलं की त्याच्या प्रचाराच्या गाडीत माल ठेवू आपण."

"मी बाजू नाही घेत. मला एवढंच म्हणायचंय की घरात एवढ्या मोठ्याने..."

"घरातच तर चाललंय सगळं!" वहिनी म्हणाली. "दाजी बरोबर बोलतायत. पहिल्यांदाच, पण बरोबर बोलतायत."

दाजींनी मान डोलावली, मग तिचं वाक्य पुरतं लक्षात आल्यावर थांबवली. "आणि वहिनी, तुम्हीही लक्षात घ्या, माझ्या एकट्याच्या गोदामाचा प्रश्न नाही. त्या गल्लीवर साठ माणसांच्या चुली आहेत."

"आणि बेचाळीस घरांत चुली नाहीत? तुमचे खिळे दुसरीकडे ठेवता येतात, दाजी. माणसं ठेवता येत नाहीत."

"बघा," भाऊ हळूच म्हणाला. "बघितलंत? दोन मिनिटं नाही झाली." तो पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसला. "दोघंही खरं बोलताय. हिचं ऐकतो तेव्हा हिचं पटतं, तुमचं ऐकतो तेव्हा तुमचं. कुणाच्या तोंडावर नाही म्हणू मी? आई, मला नाही म्हणताच येत नाही गं. बारा वर्षांत एकदाही आलेलं नाही."

"म्हणून दोन्ही डगरींवर हात?" आई म्हणाली. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशीच राहतो, भाऊ. तुला तर दोन्ही घरी जेवायचंय."

भाऊने कपाळ चोळलं. मग त्याने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याला ही नजर ठाऊक होती. लहानपणी काच फुटली की ती अशीच त्याच्यावर येऊन थांबायची, विनवणीही नाही, धाकही नाही, फक्त खात्री.

"खरं सांगू का," भाऊ म्हणाला, "हा आपल्या पेन्सिलचा घोळ आहे. विचारासाठी म्हणून दोन पर्याय काढले होते त्याने. देताना सुरळ्यांची अदलाबदल झाली, खरा नकाशा अजून व्हायचाय. किती कामं असतात त्याला, होतं असं. हो की नाही रे?"

सगळे धाकट्याकडे बघायला लागले.

एक 'हो' पुरेसं होतं. दाजी पाच मिनिटं ओरडले असते, वहिनीने 'भाऊजी, तुम्ही पण ना' म्हणून माफ केलं असतं, आणि उद्याची सभा पार पडली असती. धाकटा जरा वेंधळा ठरला असता, एवढंच. आणि भाऊसाठी एवढंही करायचं नाही? नानांची कामं थंडावली तेव्हा दोघांच्या शिक्षणाला पुरेल एवढं घरात नव्हतं. भाऊ सोळाव्या वर्षी शाळा सोडून कायमचाच काठी धरायला उभा राहिला, म्हणून धाकटा शिकला. हे कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. भाऊने तर नाहीच.

धाकट्याची नजर कोपऱ्यातल्या काठीवर गेली.

तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. कालव्याची फेरी, सकाळी पंपघराच्या दगडापासून निघून दुपारी परत त्याच दगडावर. सगळे चढउतार बेरजेला घेतले की उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं, कारण माणूस जिथून निघाला तिथेच परत आलेला असतो. नानांनी छत्रीखाली हिशेब केला आणि म्हणाले, "नऊ मिलिमीटरचा फरक पडतोय. शेवटचं रीडिंग परत घेऊ." ऊन डोक्यावर होतं. तिघंही भुकेले होते. भाऊ काठी घेऊन परत दगडाशी गेला. नानांनी आकडा वाचला, धाकट्याने लिहिला. मग रोजच्यासारखा, प्रत्येक ठिकाणी एकदा मिळायचा तसा, त्याने दुर्बिणीला डोळा लावला. त्या जुन्या दुर्बिणीत जग उलटं दिसायचं. खाली आभाळ, वर जमीन, आणि अगदी वर, काठीच्या बुडाशी, भाऊचा पाय. पायाची करंगळी काठीखाली होती.

नानांचं लक्ष दुर्बिणीतल्या, आकडा वाचायच्या आडव्या तारेवर होतं, म्हणून त्यांना दिसली नाही. धाकट्याचं लक्ष भावावर होतं.

फरक बरोबर शून्य आला. नऊ मिलिमीटर म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाच्या करंगळीची जाडी, हे त्या दिवशी शास्त्राला कळलं. नानांनी वहीकडे बघितलं, मग भाऊच्या पायावरच्या लाल वळाकडे. रागावले नाहीत. "शून्य आलं ना," ते म्हणाले, "की समजायचं, कुणीतरी कुणालातरी खूश केलंय. खऱ्या मोजणीत चूक उरते." आणि त्यांनी भाऊला सगळी फेरी परत चालायला लावली, एकट्याला, काठी खांद्यावर घेऊन. धाकटा छत्रीखाली बसून राहिला. त्याने काहीच सांगितलं नव्हतं.

"घोळ नाही झाला," धाकटा म्हणाला.

भाऊने डोळे मिटले.

"दोन्ही मीच काढले. कोपऱ्यात पर्याय एक, पर्याय दोन लिहिलं होतं, नाव-तारखेसकट. कागद भाऊने गुंडाळले." तो टेबलाशी गेला, खालचा खण ओढला आणि दोन लहान त्रिकोणी तुकडे काढून काचेवर ठेवले. कापलेल्या कडा नेमक्या जुळल्या. "हे मला आठ दिवसांपूर्वी टोपलीत सापडले. काय झालंय ते तेव्हाच कळलं मला. मी ते जपून ठेवले आणि गप्प बसलो. आज सकाळीही गप्पच होतो. तेव्हा घोळ म्हणू नका. उचलणारा एक होता आणि लिहिणारा मी."

"उचलणारा?" दाजींना कळेना. "काय उचललं?"

"काठी," धाकटा भाऊकडे बघत म्हणाला. "तुझी करंगळी दिसली होती मला, पंपघरापाशी. तरी मी आकडा लिहिला. आणि तुला एकट्याला चालायला लागलं."

भाऊने डोळे उघडले. "तुला दिसली होती?"

"दुर्बिणीतून. पाय वर होता."

ताईला हसू आलं. तिने तोंडावर हात दाबला, पण ते बोटांमधून आलंच, आणि मग तिचे डोळे भरून आले. "एवढी वर्षं पोटात ठेवलंस होय रे?"

"त्या पानावरचा तुझा शेवटचा आकडा हलला होता," आई म्हणाली. "बाकीचं पान मोत्यासारखं, आणि तेवढा एक वाकडा. मला अक्षर कळतं. मी तेव्हा ह्यांना बोलले नाही." तिने कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. "भाऊ लाडाचा. त्याला कुणी खोटं पाडायचं नाही, असं आपण सगळ्यांनीच न बोलता ठरवून टाकलं होतं. चिकटपट्टी कुठाय रे?"

*

वहिनी फोन घेऊन मागच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. "बाबा, नकाशा आणत नाहीये आज. नाही, अजून काहीच ठरलेलं नाही. तुम्हाला कुणी काही म्हणालं असलं तरी. हो, ह्यांनी म्हटलं असलं तरी."

दाजी बदकाची पट्टी आणि कंपास घेऊन निघाले. दारात थांबून भाऊला म्हणाले, "मी बाजारात आज काही बोलत नाही. पण उद्या सभेत पहिल्या रांगेत बसेन." धमकी होती की सवलत, ते त्यांनाही ठरवता आलं नसावं. ताई त्यांच्यामागून गेली. तिसऱ्या पायरीवर ती क्षणभर थांबल्याचं वर कळलं.

आईने कोपरे चिकटवले होते. स्टुलावर बसून ती आता लेखणीने पर्याय एकच्या 'र्या'वरचा पुसट झालेला रफार नीट करत होती. नव्वदीकडे झुकलेला हात कागदावर टेकला की अजून हलत नव्हता.

भाऊ मार्कर पेनशी खेळत बसला होता. टोपण काढायचा, लावायचा.

"पाडलंस मला," तो म्हणाला. रागाने नव्हे, बातमी सांगावी तसं.

"माहीत नाही. पडशील कदाचित."

"उद्या काय सांगू सभेत?"

"दोन्ही लाव भिंतीवर. कोपऱ्यांसकट. कुठल्याने किती घरं जातात आणि किती गोदामं ते मी मोजून देतो. मग तुला कुठला पटतो ते सांग."

"मला कुठला पटतो..." भाऊने टोपण लावलं. "बारा वर्षं झाली, पेन्सिल. हे मला कुणी विचारलंच नाही रे. मीही नाही." तो उठला. खोलीभर फिरला, जणू आता त्याची वाटणीची पाळी आली होती. तीच होती खरं तर. त्याने अजून काहीच घेतलं नव्हतं. मार्कर टोपलीत टाकून तो कोपऱ्यात गेला आणि काठीला हात घातला.

"ही मी नेतो."

"कुठे ठेवशील?"

"ते नंतर बघू."

वळणावर जिन्याच्या कठड्याला दोनदा ठोकत ती खाली गेली. धाकटा खिडकीशी आला. भाऊच्या गाडीत काठी आडवी मावेना, तिरपी मावेना. वहिनी दार उघडून आत बसली होती आणि समोर बघत होती. शेवटी भाऊने काठी बाहेर काढली आणि काय करावं ते न सुचून रस्त्याच्या कडेला ती उभी धरून राहिला, दोन्ही हातांनी, छातीशी. जाणारे-येणारे मान वर करून बघत होते. एकाने ओळखून हात केला. भाऊने हात केला नाही, कारण दोन्ही हात गुंतलेले होते.

काठी किंचित उजवीकडे कलली होती. धाकट्याचा हात आपोआप वर गेला, नाना तिपाईपासून करायचे तसा, पंजा सरळ, हळूच डावीकडे. भाऊने वर बघितलं. काठी डावीकडे आली, सरळ झाली. धाकट्याने हात खाली घेतला. याचा अर्थ, थांब, आता वाचतोय.

भाऊने खाली बघितलं, आणि पाय बाजूला घेतला.